मेटफॉर्मिन आणि म्हातारपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल पूर्वी एकाच प्रकारचे प्रश्न यायचे: गोळी कधी बंद होईल, कायमची लागली का, पोट का बिघडतं. हल्ली निम्मे प्रश्न ज्यांना मधुमेह नाहीच अशा लोकांकडून येतात. कोणीतरी व्हिडिओ पाहिलेला असतो, कोणाचा अमेरिकेतला भाचा ही गोळी ‘तरुण राहण्यासाठी’ घेत असतो. त्यामुळे दोन्ही गटांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेटफॉर्मिन म्हणजे नेमकी कोणती गोळी? माझ्या पाकिटावर तर वेगळंच नाव आहे.

मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं: ग्लायकोमेट, ग्लायसिफेज, ग्लुकोफाज वगैरे. त्याखाली बारीक अक्षरात ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड’ असं लिहिलेलं सापडेल. ५००, ८५० आणि १००० मिलिग्रॅम ही नेहमीची मापं. नावाच्या पुढची शेपटीही वाचा. ‘जीपी’, ‘व्ही’, ‘डी’ अशी अक्षरं असतील तर त्या गोळीत मेटफॉर्मिनच्या जोडीला दुसरं औषध असतं. ग्लिमेपिराइड, व्हिल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन ही त्यातली सर्रास दिसणारी. खाली जे काही लिहिलं आहे ते एकट्या मेटफॉर्मिनबद्दल आहे. जोडगोळीला ते जसंच्या तसं लावू नका, विशेषतः ग्लिमेपिराइड असेल तर, कारण ते साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकतं.

२. ही गोळी शरीरात काय करते? साखर एकदम खाली जाते का?

आपण उपाशी असतो तेव्हा, म्हणजे मुख्यतः रात्री, यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असतं. टाइप २ मधुमेहात त्याचा हात फारच सैल होतो. मेटफॉर्मिन तिथे लगाम घालतं. आतड्यातही त्याचं काम चालतं आणि स्नायूंनी साखर उचलायला थोडी मदत होते. स्वादुपिंडाला ते इन्सुलिन जास्त सोडायला लावत नाही. म्हणून एकटं घेतलं तर साखर एकदम घसरून घाम फुटणं, हातपाय थरथरणं हे सहसा होत नाही.

पेशीच्या आत पाहिलं तर ते मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, कामाला हलकासा आळा घालतं. पेशीला ऊर्जेची चणचण जाणवते आणि ‘एएमपीके’ नावाचं विकर जागं होतं. हे विकर उपवासात आणि व्यायामातही जागं होतं. दीर्घायुष्याची सगळी चर्चा इथूनच फुटली आहे. प्रश्न ९ मधली अडचणही याच जागेशी जोडलेली असावी, असं संशोधकांना वाटतं.

३. हे औषध नवीन आहे का?

मुळीच नाही. युरोपात गलेगा ऑफिसिनॅलिस नावाची जांभळट फुलांची वनस्पती जुन्या काळापासून औषधात वापरत. तिच्यात साखर कमी करणारी ग्वानिडीन जातीची द्रव्यं आहेत, पण ती तशीच घ्यायला विषारी. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी प्रयोगशाळेत बनवलं आणि मग ते कित्येक वर्षं कागदातच पडून राहिलं. माणसांच्या मधुमेहावर त्याचा वापर जाहीर केला तो पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी, १९५७ मध्ये. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. उशिराचं एक मोठं कारण म्हणजे फेनफॉर्मिन हा त्याचा भाऊबंद. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं. त्याच्या बदनामीचे शिंतोडे मेटफॉर्मिनवरही उडाले.

४. साखरेच्या गोळीचा म्हातारपणाशी संबंध कोणी आणि कसा जोडला?

सुरुवात १९९८ पासून धरता येईल. ‘यूकेपीडीएस’ या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेल्या, वजन जास्त असलेल्या ३४२ जणांना मेटफॉर्मिन दिलं होतं. सुमारे दहा वर्षांनी पाहिलं तर, त्या काळच्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटापेक्षा त्यांच्यात एकूण मृत्यू ३६ टक्क्यांनी आणि हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी कमी होते. नुसती साखर उतरल्यामुळे एवढा फरक पडेल असं कोणाला वाटेना. मग शंका आली की हे औषध साखरेपलीकडेही काहीतरी करत असणार.

पुढे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये काही कॅन्सर कमी दिसतात, असे निरीक्षणात्मक अभ्यास आले, म्हणजे स्वतः औषध न देता नुसत्या नोंदी पाहणारे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधले नीर बार्झिलाय यांनी विषय लावून धरला. हृदयविकार, कॅन्सर, स्मृतिभ्रंश यांच्यावर वेगवेगळं लढण्यापेक्षा त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या वार्धक्यालाच हात घालावा, हा त्यांचा आग्रह. त्या कल्पनेत तथ्य आहे असं मलाही वाटतं. मेटफॉर्मिन हेच ते औषध आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा.

५. ‘मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही निरोगी माणसांपेक्षा जास्त जगतात’ असं वाचलं. खरं आहे का?

सगळ्यात जास्त पाठवली जाणारी बातमी हीच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

२०१४ मध्ये ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेटफॉर्मिनवर असलेले ७८ हजारांहून अधिक मधुमेही आणि त्यांच्याच वयाची, मधुमेह नसलेली माणसं यांची तुलना होती. मधुमेही गटाचं जगणं किंचित सरस निघालं. बातमी व्हायला एवढं पुरे झालं.

आता या मधुमेही गटात कोण होतं ते पाहा. नुकतंच निदान झालेले आणि एकाच गोळीवर भागणारे. किडनी बिघडलेल्यांना मेटफॉर्मिन देत नाहीत, म्हणजे सर्वांत आजारी माणसं दारातच गळली. नंतर ज्यांची साखर आवरेना त्यांना दुसरं औषध जोडलं गेलं, आणि तेही या हिशेबातून बाहेर पडले. सरासरी पाठपुरावा जेमतेम तीन वर्षांचा. अशी चाळण लावल्यावर खाली उरणारी माणसं धडधाकटच असणार.

डेन्मार्कच्या नोंदी वापरून २०२२ मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला, तेव्हा मेटफॉर्मिन सुरू केलेल्या मधुमेहींचं मृत्यूचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांपेक्षा जास्तच आढळलं. अमेरिकेतल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चा पुरावा तर आणखी वजनदार, कारण तिथे कोणाला गोळी आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. सुमारे २१ वर्षांनंतरचा हिशेब २०२१ मध्ये आला: मेटफॉर्मिनच्या गटात मृत्यू कमी झाले नव्हते.

२०२५ मध्ये पुन्हा एक आशादायक बातमी आली, की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही स्त्रिया नव्वदी गाठण्याची शक्यता जास्त. ती तुलना सल्फोनिलयुरिया या दुसऱ्या मधुमेहाच्या औषधाशी होती. गोळी न घेणाऱ्या निरोगी बायकांशी नव्हे. मथळा वाचून हे कळत नाही.

६. पण उंदरांवर आणि माकडांवर सिद्ध झालंय ना?

थोडंफार झालंय, आणि त्यातही गुंते आहेत. २०१३ च्या एका अभ्यासात नर उंदरांच्या खाण्यात ०.१ टक्का मेटफॉर्मिन मिसळल्यावर आयुष्य सुमारे पाच टक्क्यांनी वाढलं. मात्रा १ टक्क्यावर नेली तेव्हा उंदीर लवकर मेले. अमेरिकेत तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकाच वेळी उंदरांवर औषधं तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, तिथे एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्यात ठोस वाढ दाखवली नाही. कृमींचं आयुष्य वाढलं, पण त्यांच्या खाद्यातल्या जिवाणूंवर औषधाचा परिणाम झाल्यामुळे. आणि म्हाताऱ्या झालेल्या कृमींना उशिरा औषध दिलं तर ते लवकर मेले, असंही एका अभ्यासात दिसलं.

माकडांचं काम २०२४ चं, चीनमधलं. नर माकडांना ४० महिने औषध दिलं. पेशींवरच्या वयाच्या खुणा अनेक अवयवांत कमी दिसल्या, मेंदूत सर्वांत ठळक. हा अभ्यास मला खरोखर रोचक वाटतो. पण औषध मिळालेली माकडं डझनभर, आणि ती जास्त जगली का हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

७. मग माणसांवर थेट प्रयोग का करत नाहीत?

आराखडा कधीचाच तयार आहे. बार्झिलाय यांच्या ‘टेम’ या प्रयोगात ६५ ते ७९ वयाच्या, मधुमेह नसलेल्या ३००० जणांना सहा वर्षं पाहायचं, अमेरिकेतल्या १४ केंद्रांवर. २०१५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाशी बोलणीही झाली. घोडं अडलं पैशापाशी. मेटफॉर्मिनचं पेटंट कधीच संपलंय. दोन-चार रुपयांच्या गोळीवर कोट्यवधी डॉलर लावायला कंपनी कशाला पुढे येईल? त्यात वार्धक्य हा ‘आजार’ म्हणून कागदोपत्री मान्य नाही, त्यामुळे त्यावरचं औषध म्हणून मंजुरीची सरळ वाटच नाही.

छोटे प्रयोग मात्र झाले आहेत. त्यातला इंग्लंडमधला ‘मेट-प्रिव्हेंट’ सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. स्नायू झिजलेल्या, अशक्त झालेल्या ७२ वृद्धांना, सरासरी वय सुमारे ८०, चार महिने मेटफॉर्मिन किंवा नकली गोळी दिली. चालण्याचा वेग सुधारला नाही, आणि औषध सोसवलंही नाही. त्रास होणाऱ्यांचं प्रमाण बरंच होतं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच लोकांवरचा हा प्रयोग आहे.

८. माझं वय ५५, साखर अगदी नॉर्मल. दीर्घायुष्यासाठी सुरू करू का?

आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावर: नको. निरोगी माणसाचं आयुष्य वाढतं असं एकाही चांगल्या प्रयोगात दिसलेलं नाही. बी-१२ कमी होणं (प्रश्न ११) आणि व्यायामाचा फायदा घटणं (प्रश्न ९) हे मात्र माणसांवरच दिसलं आहे. ‘स्वस्त आहे, सुरक्षित आहे, घेऊन पाहायला काय जातं?’ हा युक्तिवाद सारखा ऐकू येतो. मधुमेहीच्या बाबतीत सुरक्षित याचा अर्थ, आजाराच्या मानाने धोका कमी. आजारच नसेल तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवायला काही उरत नाही.

आणि हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं असं औषध आहे. गल्लीतला केमिस्ट ओळखीने देतो, हे खरं असलं तरी.

९. मी रोज पर्वती चढतो आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो. गोळीने आणखी फायदा होईल ना?

उलटं होण्याची शक्यता आहे. २०१९ मध्ये दोन अभ्यास आले. एकात ६५ च्या पुढच्या निरोगी लोकांकडून १४ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना नकली गोळी. नकली गोळीवाल्यांचे स्नायू जास्त भरले. दुसऱ्यात साठीच्या आसपासच्या लोकांना १२ आठवडे दमसासाचा व्यायाम दिला. मेटफॉर्मिनवाल्यांचा दमसास आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, दोन्हींतली सुधारणा कमी राहिली.

म्हातारपणात माणूस परावलंबी होतो तो बहुतेक वेळा पायातली ताकद गेल्यामुळे. ती टिकवणारा एकमेव खात्रीचा उपाय तुम्ही आधीच करत आहात. त्यात खोडा कशाला घालायचा?

मधुमेहींनी यावरून व्यायाम किंवा गोळी यातलं एक सोडू नये. त्यांना दोन्ही लागतात.

१०. माझी शुगर ‘बॉर्डरवर’ आहे. माझ्यासाठी उत्तर वेगळं का?

हो, थोडं वेगळं. प्रश्न ५ मधल्या अमेरिकी कार्यक्रमात अशाच ३२३४ जणांना घेतलं होतं. पहिल्या तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी कमी झालं, तर आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि ७ टक्के वजन उतरवणं या मार्गाने ५८ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्या लोकांत तफावत आणखी मोठी: चालणं-वजनाने ७१ टक्के, आणि गोळीचा फायदा जवळजवळ नाहीच. गोळी चांगली लागू पडली ती तरुण आणि बऱ्याच लठ्ठ लोकांना. वय झाल्यावर संरक्षण म्हणून गोळी, ही कल्पना इथेच लंगडी पडते.

आपल्याकडचा अभ्यास चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा, २००६ चा, ५३१ जणांवर. भारतीयांना दिवसाला ५०० मिलिग्रॅम एवढी कमी मात्राही पुरली: धोका २६ टक्क्यांनी घटला. नुसत्या आहार-व्यायामाने २८ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र केले तरी २८ च. बेरीज झालीच नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशात १३ कोटींहून जास्त लोक या सीमारेषेवर आहेत, आणि मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. तेव्हा हा प्रश्न घराघरातला आहे. वजन जास्त असेल, वय कमी असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल, तर डॉक्टर गोळी सुचवतात आणि ते योग्यच आहे. पण ती मधुमेह लांबवण्यासाठी. म्हातारपण लांबवण्यासाठी नव्हे.

११. आम्ही शाकाहारी. बी-१२ ची भानगड काय आहे?

मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. मात्रा जितकी जास्त आणि वर्षं जितकी जास्त, तितकी कमतरता वाढते. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतून येतं. शाकाहाऱ्यांना दूध-दह्यावरच भागवावं लागतं. पुण्याजवळच्या गावांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींमध्ये बी-१२ कमी निघालं होतं, आणि ते कोणत्याही गोळीविना. अशा शरीरात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन गेलं तर काय होईल याचा अंदाज करता येतो.

धोका असा की लक्षणं फसवी असतात. तळपायाला मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसरभोळेपणा, थकवा. घरचे म्हणतात ‘वय झालं’, डॉक्टर म्हणतात ‘शुगरमुळे नसा गेल्या’. दीर्घकाळ गोळी चालू असेल तर अधूनमधून बी-१२ तपासून घ्या. कमी असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शन, उपाय सोपा आहे. त्यासाठी मेटफॉर्मिन बंद करावं लागत नाही.

१२. ‘ही गोळी किडनी खराब करते’ असं शेजारचे सांगतात.

किडनी ती खराब करत नाही. पण किडनी आधीच खराब असेल तर गोळी शरीराबाहेर पडत नाही, साचते, आणि लॅक्टिक आम्ल वाढण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका निर्माण होतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं क्रिएटिनिन न पाहता त्याखालचा ‘ईजीएफआर’ हा, किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा, आकडा पाहा. तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत. ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करत नाहीत, आणि चालू असेल तर मात्रा कमी करायचा विचार करतात.

काही प्रसंगी डॉक्टरांना विचारून ती तात्पुरती थांबवावी लागते: जोराचे जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल, मोठं ऑपरेशन असेल, किंवा सीटी स्कॅन-अँजिओग्राफीत डायचं इंजेक्शन देणार असतील आणि किडनी कमजोर असेल. डायनंतर ४८ तासांनी किडनी तपासून मग पुन्हा सुरू करतात. दारूचं प्रमाण जास्त असणाऱ्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये.

१३. पोट फार बिघडतं. आणि शौचात गोळी अख्खीच दिसली, म्हणजे औषध वायाच गेलं का?

मळमळ, जुलाब, तोंडाला पत्र्यासारखी चव हे सुरुवातीचे नेहमीचे त्रास. जेवणासोबत घेणं, कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवणं, किंवा ‘एसआर’ म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी घेणं, याने बहुतेकांचं भागतं. एसआर गोळी तोडून, कुटून घेऊ नका. तिचं बाहेरचं आवरण कधीकधी तसंच बाहेर पडतं. औषध आत शोषलं गेलेलं असतं.

१४. वजन उतरतं का?

दोन-तीन किलो, तेही सगळ्यांचं नाही.

१५. कॅन्सर, गुडघेदुखी यांवरही चालतं म्हणे?

कॅन्सरची आशा मोठी होती. स्तनाच्या कॅन्सरच्या ३६४९ रुग्णांवर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पाच वर्षं मेटफॉर्मिन देऊन पाहिलं, निकाल २०२२ मध्ये आला: मधुमेह नसलेल्यांना फायदा नाही. निरीक्षणात चमकलेलं प्रयोगात विझतं, त्याचं हे ठळक उदाहरण. प्रश्न ५ याच चष्म्यातून पुन्हा वाचा. गुडघ्याच्या संधिवातावर मेलबर्नमध्ये १०७ वजनदार लोकांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला, त्यात वेदना कमी झाल्या. प्रयोग लहान आहे, पण तो दुसऱ्या कोणी करून पाहावा असा नक्कीच आहे.

१६. अमेरिकेतल्या मुलाने इथून मेटफॉर्मिनची पाकिटं आणायला सांगितली आहेत. नेऊ का?

त्याला मधुमेह आहे का, हे आधी विचारा. ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार’ असं उत्तर आलं तर प्रश्न ८ आणि ९ त्याला पाठवा. मधुमेह असेल तर तिथेही हे औषध जेनेरिक आणि स्वस्तच आहे, आणि मुख्य म्हणजे तिथला डॉक्टर त्याची किडनी आणि बी-१२ पाहील.

१७. मला मधुमेह आहे. हे सगळं वाचून गोळी बंद करावीशी वाटते.

कृपया करू नका. वरचं सगळं निरोगी लोकांच्या हौसेबद्दल आहे. मधुमेहीसाठी हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे, आणि प्रश्न ४ मधला ‘यूकेपीडीएस’चा फायदा मधुमेहींनाच झालेला होता. डोळे, किडनी, पाय सांभाळले तर म्हातारपण आपोआप बरं जातं. तुमच्या बाबतीत ‘वार्धक्यावरचं औषध’ या शब्दांना एवढा अर्थ आहेच.

१८. आजोबा ८५ चे आहेत. खाणं कमी झालंय, वजन घटतंय, गोळी मात्र वीस वर्षं तीच चालू आहे.

इथे वरच्या उत्तराला अपवाद आहे. भूक मरणं, वजन उतरणं, सैल पोट हे मेटफॉर्मिनचेही परिणाम असू शकतात, आणि या वयात घटलेलं वजन म्हणजे बहुधा घटलेला स्नायू. किडनीही वीस वर्षांपूर्वीची राहिलेली नसते. शिवाय एवढ्या वयात साखर पन्नाशीतल्या माणसाइतकी कडक ठेवायची गरज नसते. डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरीचं लक्ष्य मुद्दाम सैल करतात. स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीची वाटही पाहू नका. जाताना गेल्या सहा महिन्यांतली वजनं, ताजा ईजीएफआर, बी-१२ आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक धरून, पिशवीत घालून न्या. ‘मात्रा कमी करता येईल का?’ असं स्पष्ट विचारा. घरच्यांनी विचारल्याशिवाय जुनी चिठ्ठी बरेचदा तशीच पुढे चालू राहते.